गुळगुळीत रेघ

१७ जून १९९१

माऊस आला. हैदराबादहून पार्सल यायला महिना लागला. खोका उघडला तर आत मुठीत मावेल एवढी पांढरी डबी, तिला लांब शेपटी आणि पोटात रबराची गोळी. आई म्हणाली, एवढ्याशासाठी रोज पोस्टात खेपा घालत होतास? मी तो टेबलावर फिरवून दाखवला, पडद्यावर बाण हलला. आईला त्याचं काही कौतुक वाटलं नाही. समीला वाटलं. तिनं तो माझ्या हातातून काढूनच घेतला.

हे काम कसं गळ्यात पडलं तेही लिहून ठेवतो. लातूरचे मल्लिकार्जुनअप्पा बारावीच्या मुलांसाठी जीवशास्त्राच्या नोट्स छापतात. लातुरात क्लासेसचं पेव फुटलंय आणि प्रत्येकाला नोट्स हव्या असतात. मजकूर अप्पा कॉम्प्युटरवर जुळवतात, पण हृदय, बेडूक, पानाचा छेद असल्या आकृत्यांचे ब्लॉक, म्हणजे छापायचे ठसे, बाहेरगावाहून करून आणावे लागतात. त्यात वेळ जातो, शिवाय आकृतीत चूक निघाली की सगळं पहिल्यापासून. मी इथे नांदेडात एका इन्स्टिट्यूटमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. अप्पांनी विचारलं, हातानं चित्र काढता येईल असा प्रोग्राम लिहाल का, आणि मी हो म्हणून बसलो. आता निस्तरायचं. त्यांनी मशीन आणून आमच्या पुढच्या खोलीत ठेवलंय. प्रोग्राम नीट चालला तर लातूरच्या प्रेसमध्ये कायमची नोकरी.

आकृत्या काढणार समी, म्हणजे माझी धाकटी बहीण समीक्षा. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेत असताना ड्रॉइंगच्या सरांनी तिनं नुसत्या हातानं काढलेल्या वर्तुळावर कंपास धरून बघितला होता आणि मग कंपास खिशात घातला होता. औरंगाबादला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं तिच्या मनात होतं. बाबा गेले आणि ते राहून गेलं. या कामातून तिचं ते स्वप्न पुरं करायचं असं मी ठरवलंय, पण तिला अजून सांगितलेलं नाही.

२१ जून

रेघ तुटते. माऊस हळू फिरवला तर ठीक, जरा भरभर फिरवला की नुसते ठिपके पडतात, फाटक्या पिशवीतून वाटेत शेंगदाणे सांडावेत तसे. कारण कळलं. माझा प्रोग्राम माऊसला विचारतो, कुठे आहेस. उत्तर आलं की ठिपका काढतो आणि पुन्हा विचारतो. तेवढ्यात माऊस पुढे निघून गेलेला असतो. ठिपके सरळ रेघांनी जोडून बघितले, तर समीच्या वर्तुळाला कोपरे आले.

"दादा, तुझं मशीन लंगडतंय," समी म्हणाली. दिवसभर ती हेच म्हणून मला चिडवत होती.

४ जुलै

जमलं. आता प्रोग्राम माऊसला विचारत बसत नाही. माऊस हलला की त्यानंच येऊन सांगायचं, आणि सांगितलेलं सगळं एका रांगेत उभं करायचं. चित्र काढणारा भाग आपल्या सवडीनं रांगेतून एकेक ठिपका उचलतो आणि त्यांच्यामधून वळण काढतो. एकही ठिपका हरवत नाही. समीनं भरकन एक वेल काढली, ती शेवटच्या पानापर्यंत अखंड आली. मी खुर्चीवरून उठून नाचलो, हे इथेच राहू दे.

आईनं आनंदानं गुळाचा चहा केला आणि नेहमीप्रमाणे आधी तांब्याच्या हंड्यातलं पाणी प्यायला लावलं. आमचा थोरला भाऊ धम्मप्रकाश लहानपणी काविळीनं गेला, तेव्हापासून आईचा हा नेम आहे. रात्री तांब्याच्या हंड्यात भरायचं, सकाळी सगळ्यांनी प्यायचं, काळीज साफ राहतं म्हणे. समीला तर ती दुप्पट पाजते, कारण तिचं तोंड त्याच्यासारखं आहे.

२३ जुलै

नवीच कटकट. रेघ तुटत नाही, पण रेघेला बारीक दात आलेत. करवतीची धार लांबून दिसते तसे. गोळी काढून स्पिरिटनं पुसली, आतले रूळ पुसले, खाली जाड पुठ्ठा घातला. दात आहेतच. मी स्वतः काढून बघितलं तेव्हा फारसे दिसले नाहीत. पण मी काढतो काय, तर दोन रेघा आणि एक चौकोन. समी बारीक वळणं काढते, त्यात प्रोग्रामचा दोष उघडा पडतो. तिला म्हणालो, माऊस आवळून धरू नकोस. ती म्हणाली, धरलेला नाही, तोच नीट राहत नाही.

माऊस स्वस्तातला घेतला ही माझीच चूक.

८ ऑगस्ट

आजचा दिवस माझा. दात गेले.

युक्ती साधी आहे. माऊसनं जो ठिपका सांगितला तो जसाच्या तसा घ्यायचाच नाही. मागचे चार, पुढचे चार बघायचे आणि त्यांच्या मधोमध याला सरकवायचा. एखादा ठिपका वेडावाकडा उडाला असेल तर शेजारचे त्याला ओढून रांगेत बसवतात. किती ओढायचं तेही ठेवलंय, एक बटण दाबत गेलं की रेघ जास्त जास्त गुळगुळीत होत जाते. समीच्या कालच्या हृदयावर चालवलं आणि पुस्तकातलं हृदय त्यापुढे गावठी वाटायला लागलं.

मला वाटलं ती खूश होईल. ती पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चांगली हाय. पण ही माझी रेघ न्हाई दादा."

मी दोन महिने डोकं फोडून केलेल्या कामाला हे बक्षीस. जेवताना तिच्याशी बोललो नाही.

२२ ऑगस्ट

डोळ्याची आकृती. अप्पांना छेदाबरोबर समोरून दिसणारा डोळाही हवाय. पुस्तकातलं चित्र समोर असताना ही बया आईचा आरसा घेऊन अंगणात उन्हात बसली आणि स्वतःचाच डोळा बघून काढला. चित्र झकास. फक्त बुबुळाच्या कडेकडेनं तिनं एक अरुंद पट्टा काढलाय. हे काय म्हणून विचारलं.

"तिथं कडं हाय," म्हणाली. "तपकिरी, जरा सोनेरी. नीट उजेडात धरलं की दिसतं."

पुस्तकात असलं काही नाही, म्हणालो. माझ्या डोळ्यात आहे, म्हणाली. मुलांना परीक्षेत तुझा डोळा काढायचा नाहीये, असं म्हणून मी तो पट्टा पुसला. कलाकार माणसाबरोबर काम करणं म्हणजे असंच असतं.

९ सप्टेंबर

घरात कुरबुर आहे. समीच्या हातून आज चहाचा कप पडला, परवा वरणाचं पातेलं. आई ओरडली. कॉलेजातून चाचणीचा पेपर परत आला, त्यावर बाईंनी शेरा मारलाय की अक्षर वाचता येत नाही. बोलतेही तोंडातल्या तोंडात, आणि भलत्या वेळी हसते. शेजारच्या म्हातारीच्या मयतीला गेलो तिथेसुद्धा हिला हसू आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईचं म्हणणं, लग्नाचा विषय काढल्यापासून हे सुरू झालं. आत्याचा मुलगा आनंदराज भोकरला शिक्षक आहे, त्याच्याशी जमवायचं चाललंय. आपल्यात हे नेहमीचंच, आई स्वतः बाबांच्या मामाची मुलगी. समीला तो पसंत नसावा आणि तोंडानं सांगायचं धाडस होत नसावं, म्हणून ही नाटकं. गल्लीतल्या डॉक्टरांना दाखवलं. अशक्तपणा म्हणाले, लाल टॉनिक दिलं.

काम मात्र थांबलेलं नाही. दात पुन्हा डोकावत होते, म्हणून गुळगुळीत करायचं बटण आणखी वर नेलं. आता थेट शेवटच्या पायरीवर आहे.

२६ सप्टेंबर

अप्पा स्वतः नांदेडला आले. मी समीला मेंदूची आकृती काढायला बसवलं. तिला फार वेळ लागला, मध्येच ओढणीनं तोंड पुसत होती, लाळ येत होती की काय कोण जाणे. मला लाज वाटत होती. पण पडद्यावर जे उमटलं ते बघून अप्पा खुर्ची ओढून पुढे सरकले.

"हात कुणाचाबी असू द्या, रेघ एकसारखी यायली," अप्पा म्हणाले. "हेच तर पायजे मला, धम्मानंद सर. उद्या ताई लग्न होऊन गेल्या तरी काम अडत न्हाई."

डिसेंबरपासून लातूरला या म्हणाले. समीनं माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं. आनंद झाला असेल तर तो असा कसा दिसतो, कळलं नाही.

१४ ऑक्टोबर

आजचं आजच लिहून ठेवतो.

धम्मचक्र दिनाचं सकाळी विहारात गेलो होतो. सगळे पांढऱ्या कपड्यांत. समीनंही आईचं पांढरं लुगडं नेसलं होतं, फार छान दिसत होती. वंदना सुरू झाली, एकेकानं मेणबत्ती लावून मूर्तीपुढे ठेवायची होती. समीची पाळी आली. तिनं मेणबत्ती पेटवली आणि ज्योत हलायला लागली. वारा नव्हता. शेजारच्या सगळ्या ज्योती सरळ उभ्या होत्या. हिची एकटीची नाचत होती, मेण तिच्या मनगटावर सांडत होतं आणि ती दुसऱ्या हातानं पहिला हात दाबून धरत होती. तोही थरथरत होता.

मेणबत्तीला ना गोळी, ना शेपटी, ना माझा प्रोग्राम.

मी उठून मेणबत्ती तिच्या हातातून घेतली. घरी येऊन मशीन लावलं, गुळगुळीत करायचा भाग काढून टाकला आणि तिला म्हणालो, एक वर्तुळ काढ. जे आलं ते मी फार वेळ बघू शकलो नाही. तिनं विचारलं, "आता कळलं का दादा?" आणि रडायला लागली. जुलैपासून तिला माहीत होतं. ती सांगत होती, आणि मी माऊस पुसत होतो.

२४ ऑक्टोबर, हैदराबाद

मोठे डॉक्टर. समीला अंधाऱ्या खोलीत नेऊन डोळ्यावर यंत्रातून उजेड टाकला आणि मिनिटभरात बाहेर आले. डोळ्यात कडं आहे म्हणाले. तपकिरी, सोनेरी. ऑगस्टात मी पुसलेला तोच पट्टा.

शरीरात तांबं साठत जाण्याचा आजार आहे. रोजच्या खाण्यातलं तांबं बाकीच्यांच्या अंगातून निघून जातं, हिच्या जात नाही. आधी काळजात, म्हणजे यकृतात साठतं, मग मेंदूत आणि डोळ्यात. आईबाप एकाच रक्ताचे असले की पोरांत जास्त दिसतो. भाऊ कशानं गेला, त्यांनी विचारलं. काविळीनं, आई म्हणाली आणि मग तिला कळलं की ते का विचारताहेत. तांब्याच्या हंड्याचंही मी सांगितलं. आजार पाण्यानं होत नाही, पण हंडा आजच्या आज बंद, असं ते म्हणाले. दवाखान्यातून बाहेर पडल्यापासून आई एकच वाक्य बोलत होती, मीच पाजलं, मीच पाजलं.

हात कधीपासून बिघडला, हे डॉक्टरांना नीट हवं होतं. मी आकृत्यांचे छापील कागद बरोबर नेले होते, का नेले होते कुणास ठाऊक, दाखवायला असतील. ते त्यांनी एकेक करून बघितले. सप्टेंबरपर्यंत हात उत्तम दिसतो की, म्हणाले. मला सांगावं लागलं की या रेघा तिच्या नाहीत, मी सरळ केलेल्या आहेत. मूळ ठिपके जपले का? नाही जपले. जागा वाचवायला मी ते पुसत गेलो. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिले.

"बहोत देर करे तुम लोगां," एवढंच म्हणाले.

गोळ्या आहेत. जन्मभर घ्यायच्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत. सुरुवातीला त्रास वाढेल, उलट्या होतील, हात आणखी बिघडल्यासारखा वाटेल, तरी थांबायचं नाही. थांबलं तर काळीज जातं. सुरुवातीला पंधरवड्यानं आणि मग दर महिन्याला तिच्याकडून आतून बाहेर फिरत जाणारी एक रेघ काढून घ्यायची, काहीही सरळ न करता. त्यावरून हात कुठे चाललाय ते कळतं. माझंही रक्त तपासलं, डोळे बघितले. मला काही नाही.

१३ नोव्हेंबर

ती फिरती रेघ, तिला आई जिलबी म्हणते. पहिली जिलबी काढायला समीला अर्धी सकाळ लागली. गोळीनंतर तासाभरात ओकते. चालताना भिंत धरते. बोलणं आता आईलाच कळतं, मला दोनदा विचारावं लागतं. आनंदराजच्या घरून निरोप आला, सध्या राहू द्या.

मला रागही येतो. कुणाचा ते सांगता येत नाही.

२९ नोव्हेंबर

दुसरी जिलबी. पहिलीपेक्षा वाईट. वेटोळे एकमेकांवर चढलेत, मध्येच रेघ भरकटून पार कोपऱ्यात गेली. असं होईल हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. ठरल्याप्रमाणे जशीच्या तशी जपून ठेवली.

तेवढ्यात आई मागे येऊन उभी राहिली. सकाळपासून समीच्या उलट्या पुसून तिचं तोंड सुकलेलं. बघू दे म्हणाली, काही फरक हाय का रे? मी तिच्याकडे बघितलं आणि माझा हात बटणावर गेला. दाबत गेलो, दाबत गेलो. वेटोळे सुटे झाले, भरकटलेली रेघ आत आली, जिलबी गोल गोल बसली. हे बघ, म्हणालो, सुधारतंय.

आईनं पदरानं डोळे टिपले. मग लगेच शेजारी सांगायला गेली. किती दिवसांनी तिला अशी भराभरा चालताना बघितली.

समी खुर्चीतच होती. तिनं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मान भिंतीकडे वळवली. मी तिला समजावलं, आईला चार दिवस बरं वाटू दे. यात कुणाचं काही जात नाही. औषध चालूच आहे, महिन्या-दोन महिन्यांत गुण येणारच आहे, मग खरीच जिलबी दाखवू.

५ डिसेंबर, लातूर

आलो. जावंसं वाटत नव्हतं, पण गोळ्या महाग आहेत आणि इन्स्टिट्यूटच्या पगारात त्या बसत नाहीत. मशीन समीच्या जिलबीसाठी घरीच ठेवलंय, प्रेसमध्ये अप्पांचं दुसरं आहे. निघताना आईला गोळ्यांच्या वेळा पुन्हा पुन्हा सांगितल्या, डबी देव्हाऱ्यात ठेवावी तशी वरच्या फळीवर बुद्धमूर्तीशेजारी ठेवली. आई म्हणाली, तू जा निवांत, आता वाईट दिस सरले.

२१ डिसेंबर

अप्पांनी क्लासवाल्यांना प्रोग्राम बघायला बोलावलं होतं. त्यात एक निवृत्त प्राध्यापक होते, वीरभद्र सर, वय झालेलं, हाताला कंप. अप्पांनी मुद्दाम त्यांनाच माऊस धरायला लावला. त्यांनी डगमगत हृदय काढलं, मी बटण दाबलं, रेघ सरळ झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्या सरांचे डोळे भरून आले, मला म्हणाले, पोरा, तू माझा हात परत दिलास.

मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

२ जानेवारी १९९२

शेजारच्यांकडे फोन केला. आईला बोलावून आणलं त्यांनी. समी बरी आहे म्हणाली. उलट्या थांबल्या, चार घास पोटात राहतात, रंग उजळलाय. ऐकून मन हलकं झालं. डॉक्टरांनी म्हटलंच होतं, सुरुवातीचा त्रास गेला की अंगाला औषध मानवतं. समीला फोनवर बोलायचं असेल तर, म्हणालो. आई म्हणाली, ती कुठे बोलते आता, बसून असते.

१९ जानेवारी

एका दिवसासाठी नांदेडला जाऊन आलो. घरी पोचलो तर लाइट नव्हती. समी कोपऱ्यात निजलेली, भिंतीकडे तोंड. अंगावर घेतलेल्या चादरीवरून ती बारीक झाल्यासारखी वाटली, पण पोट जरा सुटलंय. खाणं लागत असावं. लाइट आली की जिलबी काढायची का विचारलं, तिनं मान हलवली नाही. डिसेंबरातली मी लातूरला असल्यानं राहिली होती, या महिन्याचीही राहिली. पुढच्या खेपेला घेईन.

गोळ्या संपत आल्या असतील, हैदराबादहून मागवतो, असं आईला म्हणालो. "हाईत अजून, लई हाईत," आई म्हणाली. बरं झालं, त्या वेळी जास्तीच्या घेतल्या होत्या.

निघताना समीनं माझी बाही धरली. धरली ती सोडेना. काहीतरी बोलत होती, घशातून नुसता आवाज येत होता. मी लातूरला जाऊ नये असं तिला वाटत असणार. आई म्हणाली, तुझी सवय हाय तिला. मी तिची बोटं हळूच एकेक करून सोडवली आणि शेवटची बस गाठली. परीक्षेआधी नोट्स बाजारात जायला हव्यात, अप्पांचा जीव त्यात अडकलाय.

बसमध्ये सारखी ती बाही दिसत होती.

१२ फेब्रुवारी, नांदेड

काल प्रेसमध्ये फोन आला, समी रक्त ओकली. आलो तो थेट दवाखान्यात. दिवसाच्या उजेडात तिला बघितलं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट तट्ट फुगलेलं, पाय सुजलेले. मला ओळखलं की नाही सांगता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? मी हो म्हणालो. आईनं मान खाली घातली. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

आई म्हणाली, डिसेंबरातच थांबवल्या. बरी होत होती, गोळीनं उगा ओकायची, अन्न ठरेना, म्हणून थांबवल्या. समीचं अंग पुसायला आलेल्या बाईला डॉक्टरांनी राहू दे अशी नुसती हातानं खूण केली आणि पुढच्या खाटेकडे गेले.

१५ फेब्रुवारी

समी गेली. सकाळी.

९ मार्च

अप्पांच्या नोट्स आल्या. डाकेनं प्रत पाठवली. आतल्या पानावर आकृत्या काढणारी म्हणून समीक्षाचं नाव छापलंय, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. हृदय, मेंदू, डोळा, सगळं देखणं. मी ते पुस्तक उघडलं तसं मिटलं.

आई जेवत नाही. शेजारणी येऊन बसतात, त्यांना एकच सांगते, गोळी मी बंद केली, मीच मारलं पोरीला. त्या म्हणतात, तुला काय माहीत, तू अडाणी बाई. मी आतल्या खोलीतून ऐकतो. तीन आठवडे ऐकतोय. रोज ठरवतो आणि रोज गिळतो. आईला माझ्याशिवाय आता कुणी नाही, तिला हे सांगून तिचा मुलगाही हिरावून कशाला घ्यायचा, असं स्वतःला पटवतो. पण खरं म्हणजे मला भीती वाटते.

११ मार्च

सांगितलं.

दुपारी शेजारणी गेल्यावर आईला मशीनपुढे बसवलं. म्हणालो, आई, ती जिलबी खोटी होती. तुला दाखवायच्या आधी मी ती सरळ केली होती. आईला कळेना. सरळ केली म्हणजे काय, म्हणाली, तीच तर काढली होती की तिनं. मी नोव्हेंबरातली जपलेली जिलबी पडद्यावर आणली, जशी होती तशी. मग बटण दाबून ती कशी गोल होते ते दाखवलं. मग पुन्हा जशी होती तशी केली आणि हात मांडीवर ठेवून बसलो. शिव्या दे, मार, काय करायचं ते कर, असं मनात म्हणत होतो.

आई पडद्यावरच्या त्या भरकटलेल्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"ती हात हलवून सांगायची मला," आई म्हणाली. "डबीकडं बोट करायची. गोळी दे म्हणायची. मी म्हणायचे, आता काय करायची बाई, तू बरी हाईस. दादानं दावलंय की मला."

मग आई भात टाकायला उठली, तांदूळ निवडायला ताट घेतलं आणि ते मांडीवर घेऊन तशीच बसली.